ओट्याची उंची आधी, शटरचा रंग शेवटी

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: रावेतला दोन बेडरूमचा फ्लॅट, ताबा दोन महिन्यांत. किचन ८ बाय १० फूट, त्याच्या टोकाला ड्राय बाल्कनी. ट्रॉल्यावाल्याने साडेतीन लाखांचं कोटेशन दिलंय आणि त्यात तुम्ही अडकलाय: शटर, म्हणजे कपाटांची दारं, ॲक्रिलिकचं घ्यावं की लॅमिनेटचं, आणि किचन करताना लोक कोणत्या चुका करतात? शेवटी जाता जाता एक वाक्य आहे, की आत्ताच्या भाड्याच्या घरात वाकून तुमची कंबर दुखते आणि सासूबाईंना तोच ओटा उंच पडतो. तुमची उंची ५ फूट ५, त्यांची ४ फूट ११. पोळ्या त्याच करतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकतो. लॅमिनेट घ्या, १ मिलिमीटरचं, मॅट. ॲक्रिलिक शोरूममध्ये आरशासारखं चमकतं, घरी आल्यावर त्यावर तेलाची बोटं दिसतात आणि वर्षभरात भांड्याच्या घासणीचे ओरखडे. हौस असेल तर वरच्या कपाटांना लावा, तिथे हात कमी लागतो. वाचलेले पैसे चॅनल (ज्यावर ट्रॉली सरकते ती पट्टी) आणि बिजागऱ्यांमध्ये घाला.

पण तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे, आणि कोटेशनमध्ये त्याच्याबद्दल अक्षर नसणार. मी २२ वर्षं पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये किचनची कामं करतोय, सुरुवात सुताराच्या हाताखाली केली. बिघडलेली किचन दुरुस्त करायला जातो तेव्हा रंग आवडला नाही म्हणून बोलावणारं क्वचित कोणी असतं. शटर दोन दिवसांत बदलता येतं. ओट्याची उंची, सिंकची जागा, भिंतीतली वायर, चिमणीचं भोक हे बदलायचं म्हणजे टाइल्स फोडायच्या, आठ दिवस बाहेरचं जेवण आणि खालच्या मजल्यावरच्यांशी भांडण. म्हणून ज्या गोष्टी नंतर बदलता येत नाहीत त्यांचा विचार आधी, दिसणाऱ्या गोष्टींचा सगळ्यात शेवटी. दुकानात मात्र पहिल्या दिवशी रंगांचं पुस्तकच समोर ठेवतात.

आता ओटा. माझी स्वतःची चूक सांगतो. धंद्यात नवा होतो, कोथरूडला एका घरी सगळं मॉड्युलर पद्धतीने, ओटा ३६ इंच. दिसायला फार छान. सहा महिन्यांनी बिजागरी बदलायला गेलो तर त्या घरातल्या आजी जेवायचा लाकडी पाट जमिनीवर ठेवून, त्यावर उभ्या राहून पोळ्या लाटत होत्या. मला काही बोलल्या नाहीत, चहा दिला. तेव्हापासून मी आधी माणूस मोजतो, मग भिंत.

मोजायचं असं. घरात घालता त्या चपला घालून सरळ उभ्या राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. चिरायला, निवडायला ओटा कोपराच्या साधारण ४ इंच खाली हवा. लाटणं आणि कणीक मळणं यात वरून जोर लागतो, त्यामुळे ते ६ इंच खाली. सिंकचं उलटं असतं. तिथे हात भांड्याच्या तळाशी, म्हणजे काठापासून ८-९ इंच खाली जातात, म्हणून सिंकचा काठ उंच असलेला बरा. तुमचं कोपर ४१ इंचांच्या आसपास येईल, सासूबाईंचं ३७ च्या. म्हणजे त्यांना पोळ्यांसाठी ३१ आणि तुम्हाला चिरायला ३६-३७. मधला ३४ काढला तर दोघींनाही थोडं थोडं दुखणार. बहुतेक जण तेच करतात आणि त्याला तडजोड म्हणतात.

तुमच्या नशिबाने किचन ८ फूट रुंद आहे. दोन्ही भिंतींना समोरासमोर २-२ फुटांचे ओटे घेतले तरी मध्ये ४ फूट उरतात. साडेतीन फुटांच्या खाली मी जात नाही, कारण ट्रॉली बाहेर ओढल्यावर मागून माणूस जायला हवं. दोन ओटे आले की दोन उंच्या करता येतात. गॅसची आणि पोळ्यांची बाजू ३२ इंच, सिंकची आणि भाजी चिरायची बाजू ३५-३६. सासूबाई एकीकडे, तुम्ही दुसरीकडे. सिंक आणि गॅस मात्र अगदी पाठीला पाठ नकोत, तिरके ठेवा, नाहीतर सकाळच्या घाईत एकीच्या हातातलं गरम पातेलं आणि दुसरीचं कोपर भेटतं.

गॅसच्या बाजूला अजून एक भानगड आहे. ओट्यावर ठेवायची शेगडी स्वतःच ४-५ इंच उंच असते, त्यावर कढई. ३४ इंचांच्या ओट्यावर सासूबाईंना कढईत काय चाललंय ते टाचा उंचावून बघावं लागेल. जुने गवंडी यासाठी शेगडीपुरता ओटा खाली घ्यायचे. पण ती पायरी पडली की कोपऱ्यात दूध आणि फोडणीचं तेल साचतं, आणि भांडं सरकवता येत नाही. तुमच्या बाबतीत मी ३२ च्या ओट्यात हॉब, म्हणजे ओट्यातच बसवलेली शेगडी, घेईन. त्याच्या खाली हात घालायला जागा राहील असं सांगा, कारण दूध उतू जाणार आहे, ते कोणाच्या घरी जात नाही?

हे सगळं ड्राय बाल्कनीचं दार नेमकं कुठे आहे त्यावर अवलंबून. दार १० फुटांच्या भिंतीत असेल तर समोरासमोर ओटे होणार नाहीत, मग इंग्रजी एल आकार घ्यावा लागेल आणि वेगळ्या उंचीसाठी एकच तुकडा मिळेल. तो पोळ्यांना द्या. एल मध्ये कोपरा वाया जातो म्हणून फिरत्या जाळ्या विकतात. महाग असतात आणि भरल्या की अडकतात. मी त्या कोपऱ्यात साधा कडाप्पा टाकून गौरी-गणपतीची मोठी पातेली ठेवायला सांगतो. वर्षातून दोनदा वाकलं तर चालतं.

बिल्डर तयार ओटा देणार असेल तर आजच पत्र द्या की ओटा घालू नका, किंवा तुमच्या उंचीने घाला. ताब्यानंतर नवाकोरा ग्रॅनाइट फोडलेली घरं मी दर महिन्याला बघतो. आणि सिंक दुसऱ्या भिंतीला न्यायचं असेल, वास्तूसाठी म्हणा किंवा सोयीसाठी, तेही आत्ताच. वास्तूवर मी वाद घालत नाही. आग्नेयेला शेगडी, स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला, एवढं घरच्यांना हवं असेल तर नकाशावरच ठरवा. फर्निचर अर्धं झाल्यावर काकांनी होकायंत्र काढलं की खर्च दुप्पट. फक्त सांडपाण्याचा पाइप जमिनीतून लांब नेऊ नका. उतार मिळत नाही, तुंबतो, आणि गळती खालच्यांच्या छतात उतरते.

आता हवा आणि गॅस. तुमच्या सोसायटीत पाइप गॅसची लाइन येणार आहे असं तुम्ही म्हणता. ती येईपर्यंत सिलिंडर लागणारच, तेव्हा जागा दोन्हींची धरा. इथे फार जणांना माहीत नसलेला फरक आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साठतो. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर छताकडे जातो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला अगदी तळाशी फटी हव्यात, आणि पाइप गॅससाठी खोलीत वरच्या बाजूला हवा जायला वाट हवी. मी अशी किचन बघितलीत जिथे सिलिंडर छान रबरी पट्टी लावलेल्या बंद शटरमागे होता, झुरळ आत जाऊ नये म्हणून. झुरळ परवडलं.

१४.२ किलोचा सिलिंडर साधारण २५ इंच उंच असतो, वर रेग्युलेटर. ३२ च्या ओट्याखाली तो बसतो, पण चाकांच्या स्टँडसकट घट्ट होईल. आधी टेप लावा. सिलिंडर उभाच ठेवायचा, शेगडी त्याच्या वरच्या पातळीवर, आणि नळी दीड मीटरच्या आतली. नळीवर आयएसआयचा शिक्का आणि मुदत बघा, आणि ती भिंतीत किंवा बंद फळीच्या मागे गाडू नका. रोज दिसली पाहिजे. पाइप गॅस आला की मीटर आणि गॅस बंद करायच्या नळाला सुद्धा हात पोचला पाहिजे. एका गिऱ्हाइकाच्या घरी आधीच्या माणसाने मीटरसमोर कायमचं कपाट ठोकलं होतं; रीडिंग घ्यायला आलेला मुलगा स्क्रू ड्रायव्हर मागत होता. आणि हो, सिलिंडरची शेगडी पाइपला तशीच जोडायची नाही, जेट बदलावे लागतात. तेव्हा हॉब घेतानाच विचारा की याचे दोन्ही जेट मिळतात का.

चिमणी घेताना लोक किती सक्शन, म्हणजे हवा ओढायची ताकद, एवढंच विचारतात. त्यापेक्षा पाइप कुठून कसा बाहेर जातो ते बघा. ६ इंचांचा पाइप, कमीत कमी वळणं. प्रत्येक वळणाला ओढ कमी होते आणि आवाज वाढतो. १२०० सक्शन लिहिलेली चिमणी तीन वळणं आणि मध्येच ४ इंच केलेल्या पाइपावर नुसती ओरडते. भोक बाहेरच्या भिंतीत पाडायचं, बीम आणि कॉलम सोडून, आणि टाइल्सच्या आधी. शेगडीपासून चिमणी २६ ते ३० इंच वर. तुमची गॅसची बाजू खाली घेतली की चिमणीही तेवढी खाली घ्या. हे विसरतात. मग सासूबाईंच्या फोडणीचा धूर चिमणीच्या बाजूने निघून हॉलमध्ये जाऊन बसतो. शेगडी खिडकीसमोर नको, वाऱ्याने ज्योत हलते. खिडकीखाली सिंक उत्तम, फक्त उंच मानेचा नळ खिडकीच्या पल्ल्याला अडत नाही ना ते बघा.

वायरिंगचं वेळापत्रक टाइल्सच्या आधीचं असतं, पण तोवर कोणालाच माहीत नसतं की मिक्सर कुठे बसणार. म्हणून कागदावर ओटा काढा आणि प्रत्येक यंत्राला जागा द्या. १६ ॲम्पिअरचे पॉइंट मायक्रोवेव्हला, इंडक्शनला, छोट्या गीझरला आणि आज नको वाटला तरी डिशवॉशरला. ६ चे मिक्सरला, फिल्टरला, चिमणीला. मिक्सरचा पॉइंट ओट्यापासून ६-८ इंच वर आणि शेगडीपासून लांब, नाहीतर वायर ज्योतीवरून जाते. १६ च्या पॉइंटला २.५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक वायर नको आणि किचनची लाइन ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) घ्या. ओल्या हाताची जागा आहे. डिशवॉशरला पाणी आणि सांडपाणी दोन्ही लागतं. सिंकशेजारी २ फुटांचा कप्पा असा ठेवा की उद्या ट्रॉल्या काढून तिथे तो बसेल. दिवा छताच्या मध्यभागी एकच असेल तर तुमचीच सावली चिरायच्या फळीवर पडते. वरच्या कपाटाखाली एलईडीची पट्टी लावा, वायर आत्ताच ओढून ठेवा.

भांडी कोण घासतं, हे मी प्रत्येकाला विचारतो आणि लोक हसतात. तुमच्याकडे मावशी येणार असतील तर त्या उभ्याने सिंकमध्ये घासणार, की ड्राय बाल्कनीत खाली बसून? पूर्वी मोरी असायची, ती नकाशातून गेली पण सवय गेली नाही. खाली बसून घासणार असतील तर बाल्कनीत नहाणी ट्रॅपकडे नीट उतार, कमी उंचीवर नळ आणि भांडी उपडी घालायला जागा हवी. तिथेच वॉशिंग मशीन ठेवलं की बसायला जागा उरत नाही, म्हणजे आधी दोन्हींचं माप. सिंकमध्येच घासणार असतील तर सिंक २४ बाय १८ चा, एकच आणि खोल. दोन कप्प्यांच्या सिंकमध्ये कुकरही आडवा बसत नाही.

साठवणीबद्दल सगळ्यांना वाटतं की ट्रॉल्या जास्त म्हणजे जागा जास्त. १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या गृहवसाहतीसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी जे किचन आखलं, ते जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं होतं, म्हणजे ७० चौरस फूट. तुमचं ८० आहे. तिथे डाळ-तांदळाला ठरलेले कप्पे होते आणि बाईची पावलं मोजून सगळं लावलेलं होतं. मॉड्युलर किचनची ती आजीच. आपण तिच्याकडून कपाटं घेतली आणि मोजणं सोडून दिलं.

तर मोजा. एका रविवारी सगळी भांडी आणि डबे हॉलमध्ये जमिनीवर मांडा. रोजचं, आठवड्याचं, सणाचं असे तीन ढीग. प्रत्येक ढिगातला सगळ्यात उंच डबा आणि सगळ्यात लांब दांड्याचं भांडं मोजा. ३५ इंचांच्या ओट्यातून ४ इंचांची खालची पट्टी आणि ग्रॅनाइटची जाडी गेली की ३० इंच उरतात. त्यात दुकानदार तीन सारख्या ट्रॉल्या टाकतो. १० इंचांच्या शटरमागे आत ८ च इंच मिळतात. मग तुमचा तांदळाचा डबा त्यात बसत नाही आणि चमचे-झारे ८ इंच खोल ट्रॉलीत बुडतात. वरची ५ इंच, मधली ९, खालची १६ असं सांगा. ते कुरकुर करतील, कारण त्यांच्याकडे जाळ्या तयार मापाच्या असतात. वर्षाचे गहू भरत असाल तर कोठीला जमिनीवर जागा ठेवा. माळ्यावर फक्त हलकं. वरच्या कपाटाचा वरचा कप्पा सासूबाईंच्या हाताबाहेर असणार, तेव्हा रोजची साखर आणि चहा तिथे नको.

फ्रिजचं एक वाक्य: भिंतीला चिकटवून ठेवला तर दार ९० अंशांतच थांबतं आणि भाजीचा ट्रे बाहेर निघत नाही. बाजूला ३-४ इंच सोडा, आणि दार ओट्याच्या बाजूला उघडतंय की उलटं ते आत्ता बघा.

सामानाबद्दल. सिंकखाली आणि सिलिंडरखाली मी अजूनही कडाप्पाच ठेवतो. पाण्याने फुगत नाही, वाळवी लागत नाही, कितीही जुनाट दिसो. बाकी खोक्यांना प्लाय, त्यावर आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या प्लायचं मानक) छापलेलं बघून घ्या. चिपबोर्डचं किचन कोटेशनमध्ये स्वस्त दिसतं, पण सिंकजवळ दोन पावसाळ्यांत कडा फुलतात. स्टीलच्या जाळ्या ३०४ ग्रेडच्या घ्या आणि तो आकडा बिलावर लिहून घ्या. दुकानदार चुंबक लावून दाखवेल, ‘बघा, चिकटत नाही.’ २०२ ग्रेडलाही ते चिकटत नाही, पण त्यावर गंज चढतो. वरचा दगड काळा ग्रॅनाइट. पांढरं क्वार्ट्झ सुंदर असतं, पण त्यात रेझिन असतं. तापलेली कढई थेट ठेवली की डाग उठतो, आणि हळद काय करते ते तुम्हाला सांगायला नको. टाइल्सच्या सांध्यात इपॉक्सी भरा, साधं पांढरं सिमेंट चार महिन्यांत पिवळं होतं.

साडेतीन लाख जास्त की कमी, हे मी त्या कागदाशिवाय सांगू शकत नाही. प्लाय कोणता, चॅनल कोणत्या कंपनीचे, जाळ्या किती, दगड आणि प्लंबिंग धरलंय की नाही, हे सगळं वेगळ्या ओळींत मागा. एकाच ओळीत ‘किचन पूर्ण’ लिहून आकडा दिला असेल तर दुसरं कोटेशन घ्या.

आणि सही करण्याआधी एक दिवस साइटवर सासूबाईंना सोबत घेऊन जा. वॉचमनकडून विटा मागा, एकावर एक रचा, वर प्लायचा तुकडा टाका. घरून पोळपाट-लाटणं आणि थोडी मळलेली कणीक न्या. आधी त्यांनी दोन पोळ्या लाटायच्या, मग त्याच उंचीवर तुम्ही भाजी चिरून बघायची. विटा काढा, घाला, पुन्हा करा. साइटवर फरशी बसायची असेल तर वरचे २ इंच धरायला विसरू नका. मापं जमली की दोन्ही भिंतींवर पेन्सिलने रेघ मारून आकडा लिहा, ट्रॉल्यावाल्याला त्या रेघेजवळ उभा करून फोटो काढा आणि त्याच्याच फोनवर पाठवा.